जास्त गेम टाकले म्हणून घरचा कॉम्प्युटर स्लो होतो का?

मे महिन्याच्या सुट्टीत साखळीहून ताईचा फोन आला. "बटण दाबून पोदेराकडून पाव घेते, भाजी गरम करते, खाऊन होतं, तरी कॉम्प्युटर चालू होत नाही गो. दुकानात विचारलं तर म्हणतात, पोरानं गेम भरून ठेवलेत, फॉरमॅट मारूया. तू सांग, काढून टाकू का सगळे?" मागून भाच्याचा रडवेला आवाज येत होता, "मावशी, तिला नको म्हण ना."

मी ताईला सांगितलं, मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं डिचोलीहून साखळीला गेले. एवढी घाई करायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरचा कॉम्प्युटरही एका दुकानात असंच "गेममुळे स्लो झालाय" म्हणून फॉरमॅट करून, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून, दिला होता. चवथीचे, म्हणजे गणपतीचे, सात वर्षांचे फोटो गेले. आजी माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधून घेताना खुर्चीवर बसून सूचना देतेय, असा तिचा शेवटचा फोटो त्यात होता. कॉम्प्युटर आठवडाभर बरा चालला आणि परत होता तसाच झाला, कारण दोष गेमचा नव्हताच. हार्ड डिस्क खराब होत आली होती.

म्हणून ज्यांच्या घरात पहिलाच कॉम्प्युटर आलाय आणि त्यावर मुलांचे गेम आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देते. डिस्कवर नुसता पडून असलेला गेम कॉम्प्युटर स्लो करत नाही. चवथीचं मखर वर्षभर माळ्यावर असतं, त्यानं खाली वावरणाऱ्याला अडचण होत नाही, तसंच हे. प्रोसेसर (हिशेब करणारा मेंदू), रॅम (चालू कामापुरती जागा) आणि ग्राफिक्स कार्ड (चित्रं उभी करणारा भाग) ही कॉम्प्युटरची खरी कामकरी माणसं. गेम उघडल्याशिवाय त्यांना त्या गेमचं काही काम पडत नाही. पाच गेम असोत की पन्नास, बंद असलेला गेम रॅममध्ये जागा अडवत नाही.

पण गेम एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा लाँचर (गेम उतरवून उघडून देणारा प्रोग्रॅम) येतो, अपडेट करणारा प्रोग्रॅम येतो, कधी चीटिंग रोखणारी यंत्रणा येते. ही मंडळी गेम बंद असतानाही जागी असतात. शिवाय गेम डिस्क भरत नेतो, आणि काठोकाठ भरलेली डिस्क खरंच सगळं हळू करते. तेव्हा "किती गेम आहेत" हे मोजत बसू नका. "कोण जागं आहे" आणि "जागा किती उरलीय" हे बघा.

पायरी १: काही काढण्याआधी बघा

प्रथम कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं वेगळं आणि रीस्टार्ट वेगळं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रीस्टार्ट केलं की सगळं नव्यानं उभं राहतं. त्यामुळे काही तपासायचं असेल तर रीस्टार्टच करा.

डेस्कटॉप दिसला की काहीही उघडू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये छोटीच खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. 'प्रोसेसेस'च्या यादीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की त्यात सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. आता पाच मिनिटं फक्त बघत बसा. सुरुवातीची धावपळ प्रत्येक कॉम्प्युटरवर असते. पाच मिनिटांनंतरही कोण धावतंय, ते महत्त्वाचं.

ताईकडे आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. सीपीयू जेमतेम, मेमरी निम्म्याच्या थोडी वर, पण डिस्कचा रकाना लालसर होऊन १०० टक्क्यांवर चिकटलेला. त्यावर क्लिक केलं. वरच्या ओळीत एका गेमचा लाँचर, तो मोठा अपडेट उतरवत होता. त्याच्या खाली 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तो त्याच नव्या फायली तपासत होता. तिसरा आणखी एक लाँचर. भाचा म्हणाला, "पण मी तर काल रात्रीपासून एकही गेम उघडला नाही!" ताई त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. पोरगा खरंच बोलत होता.

आकडे असे वाचा. डिस्क सतत १०० टक्के आणि बाकी सगळं शांत असेल, तर अडचण डिस्कची आहे. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. काहीही उघडलेलं नसताना सीपीयू किंवा जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) भरभरून चालत असेल, तर संशय घ्या, त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि सगळे आकडे खाली असूनही कॉम्प्युटर रांगत असेल, तर उष्णता किंवा खराब होत चाललेली डिस्क, या दोन्हींकडे बघावं लागेल.

पायरी २: आपोआप जागे होणारे थांबवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि एक पैसाही लागत नाही, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप ॲप्स' नावाचा भाग आहे, विंडोज १० मध्ये नुसतं 'स्टार्टअप'. कॉम्प्युटर चालू होताच कोण कोण उठतं, त्याची ही यादी. स्टीम, एपिक गेम्स लाँचर, ईए, युबिसॉफ्ट कनेक्ट, डिस्कॉर्ड अशी नावं इथे सापडतात. शेजारी 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणून हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. नको त्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. यानं गेम जात नाही, लाँचरही जात नाही. खेळायच्या वेळी आयकॉनवर क्लिक केलं की तो नेहमीसारखा उघडतो. उगाच उठत होता, तेवढं थांबतं.

काही लाँचर पुढच्या अपडेटनंतर पुन्हा यादीत शिरू शकतात. म्हणून त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही बंद करा. स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या 'इंटरफेस' भागात कॉम्प्युटर सुरू होताना स्टीम चालवायचं की नाही, असा पर्याय आहे. एपिकमध्येही सेटिंग्जमध्ये तसाच पर्याय मिळतो.

नवख्या माणसाला फसवणारी आणखी एक गोष्ट. लाँचरच्या खिडकीची फुली दाबली म्हणजे तो बंद झाला, असं नाही. तो घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली जाऊन बसतो. बाणावर क्लिक करा, आयकॉनवर राइट क्लिक करा आणि 'एक्झिट' किंवा 'क्विट' निवडा. आजकालच्या लाँचरांच्या पोटात एक आख्खा ब्राउझर असतो. स्टीम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये 'स्टीम क्लायंट वेबहेल्पर' नावाच्या कितीतरी ओळी दिसतात, त्या त्याच. १६ जीबी रॅम असेल तर याचं काही वाटत नाही. ४ जीबीच्या कॉम्प्युटरवर मात्र असे दोन-तीन लाँचर एकदम जागे झाले की मुलीला ऑनलाइन फॉर्म भरायलाही नकोसं होतं.

व्हॅलोरंट खेळणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगते. त्याच्याबरोबर व्हॅनगार्ड नावाची चीटिंग रोखणारी यंत्रणा येते आणि ती कॉम्प्युटर सुरू होतानाच चालू व्हावी अशी बनवलेली आहे. ती घड्याळाशेजारून बंद करता येते, पण मग व्हॅलोरंट खेळायचं तर कॉम्प्युटर पुन्हा रीस्टार्ट करावा लागतो. मुलानं दोन महिन्यांत तो गेम उघडलेला नसेल तर गेम आणि व्हॅनगार्ड दोन्ही काढलेले बरे. 'ॲप्स'च्या यादीत ती दोन वेगळी नावं दिसतात.

यादीतल्या ज्या नावाची ओळख पटत नाही, त्याला हात लावू नका. साउंड, टचपॅड, ग्राफिक्सचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि अँटीव्हायरस जसेच्या तसे राहू द्या.

अपडेट्सचंही वेळापत्रक ठरवा. स्टीमच्या 'डाउनलोड्स' सेटिंगमध्ये आपोआप अपडेट कोणत्या वेळेत व्हावेत हे देता येतं. भाच्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही रात्री नऊ ते अकरा ठेवलं. तेव्हा घरात कुणी त्यावर काम करत नाही, आणि त्या वेळेला भाचा स्वतः लाँचर चालू करतो. भाऊजींची सकाळची बँकेची कामं मोकळी झाली.

पायरी ३: जागा बघा

प्रथम आपली डिस्क कोणत्या जातीची ते ओळखा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं.

एचडीडी म्हणजे आत तबकडी फिरणारी जुनी हार्ड डिस्क. डेस्कटॉपमधली साधारण मिनिटाला ७,२०० फेरे मारते, लॅपटॉपमधली बहुधा ५,४००. माहिती वाचायला एक बारीक हात तबकडीवर सरकत जातो आणि योग्य जागी पोचायला त्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, आणि त्याच वेळी दोन लाँचर आपापल्या फायली मागत असतात. तो एकटा हात सगळ्यांकडे धावत राहतो. ताईकडचे १०० टक्के म्हणजे हेच होतं. डिस्क भरत गेली की नव्या फायली उरलेल्या फटींमध्ये तुकड्या-तुकड्यांनी जातात, मग हाताची धाव आणखी वाढते.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, जागा शोधण्याचा वेळ जवळजवळ संपतो. तरी तीही काठोकाठ भरलेली चालत नाही. नवीन लिहिण्याआधी तिला जुने कप्पे रिकामे करून ठेवावे लागतात. मोकळे कप्पे कमी उरले की लिहिण्याचा वेग घसरतो.

दोन्हींच्या बाबतीत विंडोजलाही स्वतःसाठी जागा हवी असते. रॅम कमी पडली की ते डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरतं, आणि अपडेट उतरवायलाही कित्येक जीबी लागतात. सी ड्राइव्हमध्ये १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा, हा माझा आग्रह आहे. 'दिस पीसी' उघडल्यावर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असेल तर इतर काही करण्याआधी तीच मोकळी करा.

आपल्याकडे एक पद्धत पडलीय. दुकानातून येणाऱ्या कॉम्प्युटरवर एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडलेले असतात, सी छोटा आणि डी ऐसपैस. मुलं गेम टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातात आणि सगळं सी मध्ये कोंबलं जातं, डी रिकामा राहतो. भाच्याचंही तसंच होतं. स्टीमच्या सेटिंगमधल्या 'स्टोरेज' भागात डी ड्राइव्ह जोडून, गेम निवडून 'मूव्ह' केलं की गेम पुन्हा डाउनलोड न करता तिकडे जातो. गेमचा फोल्डर हातानं उचलून डी मध्ये नेऊ नका, बऱ्याच वेळा गेम उघडेनासा होतो.

जागेचा हिशेबही माहीत असू द्या. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते, १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. यात कुणी फसवलेलं नसतं, मोजण्याची रीत वेगळी आहे. त्या २३८ मधून विंडोजचा वाटा गेला की उरतं किती? २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्हलाच ६० जीबीच्या वर जागा लागत होती, आणि आजचे काही मोठे गेम शंभरी ओलांडतात. मुलाला हे आकडे दाखवा. कोणते दोन ठेवायचे ते मुलं स्वतःच नीट ठरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायरी ४: काढायचाच असेल तर रीतसर काढा

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'मध्ये जा, विंडोज ११ मध्ये त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' असतं. यादी आकारानुसार लावा, नाव निवडून 'अनइन्स्टॉल' करा. फोल्डर डिलीट करणं म्हणजे काढणं नव्हे, त्याचे धागेदोरे मागे राहतात.

त्याआधी मुलाची सेव्ह केलेली प्रगती सांभाळा. स्टीमवर ज्या गेमला क्लाउडची (इंटरनेटवर साठवण्याची) सोय आहे त्याची प्रगती बहुतेक वेळा खात्यात सुरक्षित असते. बाकीच्यांची प्रगती पुष्कळदा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'माय गेम्स' फोल्डरमध्ये किंवा 'सेव्ह्ड गेम्स' मध्ये सापडते. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं. पण पोरानं आख्खी सुट्टी घालून मिळवलेलं एका क्लिकमध्ये पुसलं, तर पुढच्या वेळी कॉम्प्युटर बिघडल्यावर तो तुम्हाला सांगायलाही येणार नाही.

रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगची नोंदवही) साफ करणारे, 'पीसी बूस्टर' म्हणवणारे प्रोग्रॅम अजिबात टाकू नका. रजिस्ट्रीत चार जुन्या नोंदी राहिल्यानं कॉम्प्युटर हळू होत नाही. उलट हे प्रोग्रॅमच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. एचडीडीचं डीफ्रॅगमेंटेशन (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) आणि एसएसडीची निगा विंडोज आठवड्यातून एकदा आपोआप करतं.

फुकट मिळालेले गेम

शाळेत पेन ड्राइव्ह फिरतो, त्यावर मोठमोठे गेम फुकट असतात. टाकताना सूचना येते की अँटीव्हायरस बंद करा. तिथेच थांबा. अशा कुलूप तोडलेल्या (क्रॅक केलेल्या) गेमबरोबर पुष्कळदा चोरून क्रिप्टो नाणी (डिजिटल चलन) खणणारे, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या मेहनतीवर दुसऱ्यासाठी कमावणारे, प्रोग्रॅम येतात. कॉम्प्युटर नुसता चालू आहे, कुणी बसलेलं नाही, तरी पंखा घोंघावतोय आणि सीपीयू किंवा जीपीयू भरभरून चाललाय, ही त्याची खूण. काही तर टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतात. असं दिसलं तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. आणि त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम केलं असेल तर दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. मुलाला मारू नका, ओरडूही नका, फक्त हे काय असतं ते समजावून सांगा.

ऊन, दमट हवा आणि पाऊस

गोव्यात राहणाऱ्यांनी हे वाचलंच पाहिजे. कॉम्प्युटर सकाळी छान चालतो आणि अर्धा तास खेळल्यावर मंदावतो, असं असेल तर गेमची संख्या विसरा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यातल्या बंद खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा श्वासच कोंडतो. आपल्या दमट हवेत पंख्यातली धूळ कोरडी राहत नाही, तिचा चिकट थर होतो, किनाऱ्याजवळच्या घरांत तर खारा वाराही असतो. लॅपटॉप टेबलावर ठेवा. डेस्कटॉप भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, प्लग काढून मऊ ब्रशनं पंख्याच्या जाळीवरची धूळ काढा.

पाऊस सुरू झाला की वीज जाते-येते. डिस्क लिहीत असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात. डेस्कटॉपला यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरणारी बॅटरी) लावा, आणि वळवाचा कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढून ठेवा.

पैसे घालायचेच असतील तर

कॉम्प्युटर एचडीडीवर चालत असेल तर आधी एसएसडी बसवा आणि विंडोज तिच्यावर घ्या. जुनी डिस्क गेम आणि फोटोंसाठी राहू द्या. जुन्या कॉम्प्युटरला यासारखी दुसरी संजीवनी माझ्या पाहण्यात नाही. रॅम ८ जीबी असेल आणि मेमरीचा रकाना सतत वर असेल तर १६ करा. ग्राफिक्स कार्डाचा विचार शेवटी, कारण त्यानं गेम चांगला चालेल, कॉम्प्युटर लवकर सुरू होणार नाही.

ताईकडे आम्ही त्या दिवशी चार नावं डिसेबल केली, तीन गेम डी मध्ये हलवले, एकही गेम काढला नाही. दुपारी जेवणाआधी पुन्हा रीस्टार्ट केलं. भाचा मोबाईलवर वेळ लावून बसला होता. डेस्कटॉप आला, ताईनं ब्राउझर उघडला आणि तो लगेच उघडला, तेव्हा दोन मिनिटंही झाली नव्हती. एसएसडी चवथीच्या आधी बसवायचं ठरलंय.

दुकानात नेण्याआधी

एवढं करूनही कॉम्प्युटर अडखळत असेल, डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, किंवा फायली उघडताना चुका दाखवत असेल, तर डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम ती सांगतो. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर त्याच क्षणी बाकी सगळं थांबवून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आमच्या घरी हे कुणी एकदा जरी बघितलं असतं तर आजीचा फोटो आज असता.

दुकानात देताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून तो कॉम्प्युटरवर चिकटवा: नेमका त्रास काय आणि कधी होतो, टास्क मॅनेजरमध्ये कोणता रकाना वर होता, आणि "आम्हाला फोन केल्याशिवाय फॉरमॅट करू नये". खाली मोबाईल नंबर लिहा, त्या कागदाचा फोटो काढून ठेवा, आणि दुकानातल्या माणसाला तो वाचायला लावूनच घरी या.